धाकट्याची राखण आणि थोरलीची शाळा

जून महिना लागला म्हणजे खेडोपाडीं शाळेच्या दाराला आंब्याचे डहाळे बांधतात, पहिलीच्या पोरांच्या हातावर गोडधोड ठेवितात, गांवचे पुढारी दोन शब्द बोलतात आणि गांवचें एकूणएक मूल शाळेंत आलें असें समाधान मानून सर्व मंडळी घरोघर जातात. आम्ही गेलीं वीस-बावीस वर्षें खेड्यांतील शाळेंत शिकवीत आहों, व त्यांतलीं निम्मीं वर्षें आम्हीं पहिलीच्या वर्गावर काढिलीं आहेत. म्हणून त्या उत्सवाच्या दिवशीं जें कोणी बोलत नाहीं, तें आज आम्हीं बोलावयाचें ठरविलें आहे. पहिलीच्या वर्गांत त्या दिवशीं शेजारींशेजारीं बसलेलीं मुलें दिसावयास सारखीं दिसतात, पण तीं एकाच दिवशीं शाळेंत आलेलीं नसतात. कांहीं तीन वर्षें आधींच आलेलीं असतात. त्यांच्या घरीं आजी असते, बोलावयास व गोष्ट सांगावयास माणूस असतें. त्यांना अंगणवाडींत नेऊन सोडणारें व परत आणणारें कोणी असतें. खडू कसा धरावा, आपलें नांव कसें सांगावें, चार मुलांत आपली पाळी येईपर्यंत कसें थांबावें हें त्यांना ठाऊक असतें. दुसरीं कांहीं मुलें मात्र त्याच दिवशीं प्रथम येतात. त्यांचीं तीन वर्षें बांधावरच्या बाभळीला टांगलेल्या झोळींत, नाहीं तर थोरल्या बहिणीच्या कडेवर गेलेलीं असतात. तालुक्याच्या गांवीं गाडीनें के. जी. ला जाणारें नोकरदाराचें मूल तर आमच्या वर्गांत येतच नाहीं. तें आमच्या मुलांना भेटतें तें एकदम दहावीच्या परीक्षेंत. तेथें प्रश्नपत्रिका एकच असते, आणि निकाल लागला म्हणजे आमच्याच मुलांना 'मठ्ठ' म्हणतात.

हें बोलणें केवळ लहान्यांपुरतें नाहीं. या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे, आणि ती आम्हांस आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीनें शिकविली. दहाबारा वर्षांपूर्वीं आमच्या तिसरीच्या वर्गांत एक मुलगी होती. तीसपर्यंतचे पाढे तिला तोंडपाठ येत. ती रोज दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन शाळेंत येई. आम्हीं तिला दाराजवळ जागा दिली होती. भाऊ पाटीवर रेघोट्या ओढीत बसे. रडूं लागला कीं ती त्याला घेऊन व्हरांड्यांत जाई व तेथून फळ्याकडे पाहात राही. असे दोन महिने गेले. पुढें शाळेची तपासणी ठरली. वर्गांत तान्हें पोर दिसलें तर वाईट शेरा बसेल या भीतीनें आम्हींच तिला आदल्या दिवशीं सांगितलें, "उद्यां भावाला घरीं ठेवून ये." तिनें मान हालविली. दुसऱ्या दिवशीं भाऊ घरीं राहिला, आणि त्याच्यापाशीं तीही राहिली. मग ती आलीच नाहीं. आम्ही दोनदां तिच्या घरीं गेलों. आई म्हणाली, "गुरुजी, मी खुरपायला गेले नाहीं तर चूल पेटत नाहीं. ह्याला कुणाच्या गळ्यांत बांधूं?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. अंगणवाडी त्या घरापासून शंभर पावलांवर होती. पण तिच्यांत तीन वर्षांखालच्या पोराला दिवसभर ठेवण्याची सोय नव्हती, ती दुपारीं बंद होई, आणि ती बाई दिवस मावळतां घरीं येई. मुलीचें नांव वर्षअखेरपर्यंत हजेरीपटावर राहिलें. तपासणीचा शेरा चांगला पडला.

तेव्हांपासून आमचें असें मत झालें आहे कीं, गरिबांच्या घरीं धाकट्याची सोय आणि थोरलीचें शिक्षण हे दोन प्रश्न नाहींत, एकच आहे. एका पोराला दिवसभर सांभाळणारी व शिकविणारी जागा फुकट मिळाली तर दोन पोरें शिकतात, आणि आईची मजुरी बुडत नाहीं. ती जागा नसली तर तिघांचेंही नुकसान होतें, व त्याची नोंद कोणत्याही दफ्तरांत होत नाहीं.

कायदा याबाबत काय म्हणतो तें वाचकांनीं नीट समजून घ्यावें. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या ४५ व्या कलमांत, दहा वर्षांच्या आंत चौदा वर्षें पुरीं होईपर्यंत सर्व मुलांस मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकारनें करावा, असें लिहिलें होतें. 'चौदापर्यंत' असें लिहिलें होतें. 'सहापासून' असें लिहिलेलें नव्हतें. २००२ सालीं ८६ वी घटनादुरुस्ती झाली व शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु तो हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता ठरला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठीं ४५ वें कलम बदलून लिहिलें गेलें, व त्यांच्या वाट्याला 'सरकार प्रयत्न करील' एवढेंच वाक्य आलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ११ व्या कलमांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीं सरकारनें मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करावी असा उल्लेख आहे, पण तो करावें कीं न करावें या स्वरूपाचा आहे. न केल्यास जाब विचारतां येईल असा नाहीं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानें तीन ते आठ हीं वर्षें सर्व शिक्षणाचा पाया मानिलीं आणि उशिरांत उशिरा २०३० पर्यंत हें शिक्षण सर्वांस मिळावें असें म्हटलें. धोरण चांगलें आहे. परंतु धोरण म्हणजे हक्क नव्हे. पाया म्हणावयाचें आणि पायाखालची जमीन मात्र कायद्याबाहेर ठेवावयाची, यांतली विसंगति शेतकऱ्याला सांगावयास नको.

घटनासमितींत २३ नोव्हेंबर १९४८ रोजीं याच कलमावर बोलणें निघालें असतां, हें शिक्षण प्राथमिक इयत्तांपुरतेंच ठेवावें अशी सूचना आली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ती मानिली नाहीं. चौदा वर्षांखालच्या मुलास कामावर ठेवूं नये असें जर घटना म्हणते, तर त्या वयापर्यंत मूल शाळेंतच असलें पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्याच न्यायानें आम्ही विचारतों कीं, नऊ वर्षांची मुलगी सकाळपासून दिवे लागेपर्यंत भावाला सांभाळते, त्याला भरविते, निजविते, हें काम नव्हे काय? त्याला मजुरी नाहीं म्हणून तें काम नाहीं असें म्हणणें म्हणजे घरांतील बायकांच्या सर्वच कामाला काम न म्हणण्यासारखें आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें, त्यांत निदान बारा वर्षांपर्यंतचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी होती, हें पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्याच निवेदनांत, गरिबांचीं मुलें गुरें राखावयास व शेतावर लागतात म्हणून शाळेंत येत नाहींत, यासाठीं त्यांना शिष्यवृत्त्या व बक्षिसें देऊन ओढून घ्यावें, असेंही त्यांनीं सांगितलें आहे. म्हणजे नुसतें शाळेचें दार उघडून भागत नाहीं. दारापर्यंत येण्याच्या वाटेंत जें काम आडवें पडलेलें असतें तें प्रथम उचलावें लागतें, हें जोतीरावांनीं ओळखलें होतें. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर राज्यांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें व मूल न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेविला. तो दंड त्या काळीं योग्यच होता. आज मात्र दंड करावयाचा झाल्यास कोणाला करावा? त्या खुरपणाऱ्या बाईला काय?

उत्तर शोधावयास लांब जावें लागत नाहीं. तें आपल्याच मुलखांत सांपडतें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांत, बोर्डीस, खेड्यांतल्या मुलांसाठीं बालशिक्षणाचें काम सुरू केलें, व अनुताई वाघ त्यांच्याबरोबर राहिल्या. बालवाडी काढली, पण अगदीं गरीब वस्तींतलीं मुलें तिच्याकडे येईनात. तेव्हां बाईंनीं मुलांना दोष दिला नाहीं. त्यांनीं बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणांत नेली. 'अंगणवाडी' हें नांव तेथलें आहे. पुढें १९५७ सालीं हें काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वारल्यांचीं मुलें गुरें चारावयास जात, म्हणून कुरणांतच शाळा नेली, तिला कुरणशाळा म्हणत. आणि आमच्या आजच्या विषयाला सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे तेथली विकासवाडी. तिच्यांत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं तिन्ही एकाच आवारांत ठेविलीं होतीं. थोरली बहीण धाकट्याला पाळणाघरांत ठेवी, मधल्याला बालवाडींत सोडी आणि आपण वर्गांत जाऊन बसे. ज्या चुकीसाठीं आम्ही आज स्वतःला बोल लावितों तिचें उत्तर आमच्या जन्माच्याही आधीं कोसबाडला करून दाखविलें गेलें होतें.

सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत ३३ ठिकाणीं सुरू झाली. आज देशांत सुमारें चौदा लाख, व आपल्या राज्यांत एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. इतकें मोठें जाळें जगांत फार थोड्या देशांपाशीं असेल, व त्यानें पुष्कळ लेंकरांचे जीव वांचविले आहेत, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करितों. लस, वजन, गरोदर बाईची चौकशी, गरम आहार हीं कामें लहान नव्हेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें सहा महिने ते सहा वर्षें वयाच्या मुलांचा अंगणवाडींतला आहार हा हक्क ठरला. पण मुलाच्या पोटासाठीं जो हक्क झाला तो त्याच्या शिक्षणासाठीं झाला नाहीं. जी सेविका मुलांना गाणीं शिकवावयाची, गोष्ट सांगावयाची, चिंचोके मोजवावयाचे, तिचा पुष्कळसा वेळ वजनांच्या नोंदी, रजिस्टरें, मोबाइलांतील माहिती आणि नाना तऱ्हेच्या सर्वेक्षणांत जातो. तिला पगार नाहीं, मानधन आहे. आणि शिक्षिका म्हणावें तर सरकार तिला शिक्षिका म्हणत नाहीं. या बायांना ग्रॅच्युइटी मिळण्याचा हक्क आहे हें ठरावयासही सर्वोच्च न्यायालयाचा २५ एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला, म्हणजे योजना सुरू होऊन सत्तेचाळीसावें वर्ष चालू होतें!

आणि वेळ! अंगणवाडीची वेळ कोणासाठीं ठरविली आहे? चार तासांनीं मूल परत घरीं येतें, त्या वेळीं घराला कुलूप असतें. म्हणून त्या कुलपाची किल्ली थोरलीच्या गळ्यांत बांधलेली असते. मजुरी करणाऱ्या आईचा दिवस ज्यांनीं कधीं मोजला नाहीं त्यांनीं ही वेळ ठरविली असावी असें आम्हांस वाटतें. सरकारी कागदांत याचें औषध नाहीं असेंही नव्हे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यांत, कामावर सहा वर्षांखालचीं पांच किंवा अधिक मुलें असल्यास त्यांना सांभाळण्यास एक बाई नेमावी व तिला मजुरी द्यावी, असें लिहिलें होतें. किती कामांवर अशी बाई दिसली, तें वाचकांनीं आपल्या आठवणींत शोधावें. २०२२ पासून 'पाळणा' नांवाची योजना आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडावें, अशी तिची कल्पना असून १७,००० ठिकाणीं तें करण्याचें लक्ष्य ठेविलें गेलें. कल्पना कोसबाडचीच आहे व चांगली आहे. पण चौदा लाखांत सतरा हजार म्हणजे शंभरांत जेमतेम एक.

सर्वांत वाईट स्थिति ऊसतोडीच्या मुलांची आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या नगर, बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, तेव्हां पोर मागें ठेवावयाचें कोणाजवळ? तें कोपींत येतें, आणि त्याला राखावयास थोरलीही शाळा सोडून येते. नांव गांवच्या अंगणवाडींत, पोर कारखान्याच्या तळावर, असें पांचसहा महिने चालतें. साखरेचा भाव, उसाचा भाव, कारखान्याची निवडणूक यांवर आपल्या मुलखांत केवढें रण माजतें! पण तळावरच्या लेंकरांना सेविका आहे कीं नाहीं, हा प्रश्न एखाद्या सभेंत निघाल्याचें आम्हीं तरी ऐकलें नाहीं.

दूरच्या एका देशाची गोष्ट येथें सांगणें अस्थानीं होणार नाहीं. जोतीरावांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक, निग्रो लोकांस दास्यांतून सोडविणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें होतें. दास्य तर सुटलें. पण त्या लोकांचे वंशज पुढें नव्वद वर्षें गेलीं तरी गरिबींतच होते व त्यांचीं मुलें शाळेंत मागेंच पडत होतीं. १९६२ सालीं मिशिगन संस्थानांतील यप्सिलांटी गांवीं गरीब काळ्या कुटुंबांतल्या १२३ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यांतल्या ५८ मुलांना तीन-चार वर्षांच्या वयांत बालशाळेंत घेतलें, बाकीच्यांना नाहीं. रोज सकाळीं अडीच तास शाळा, आणि आठवड्यांतून एकदां शिक्षिका घरीं जाऊन आईबरोबर बसे. हीं मुलें चाळीस वर्षांचीं होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. बुद्धिमापनाच्या परीक्षेंत त्यांनीं आरंभीं घेतलेली आघाडी थोड्याच वर्षांत पुसली गेली. परंतु बालशाळेंत गेलेल्यांपैकीं शेंकडा ७७ जण हायस्कूल पुरें करून निघाले, न गेलेल्यांपैकीं शेंकडा ६०. पुढें कामधंद्यालाही पहिले अधिक लागले व तुरुंगाची पायरी कमी चढले. मुलें थोडीं होतीं, म्हणून तेवढ्यावर साऱ्या जगाचा हिशेब मांडूं नये. पण १९६५ सालीं तेथल्या सरकारनें गरीब घरच्या मुलांसाठीं 'हेड स्टार्ट' नांवाची मोफत योजना काढली. पहिल्याच उन्हाळ्यांत तिच्यांत पांच लाखांहून अधिक मुलें आलीं. शिक्षण, जेवण, डॉक्टराची तपासणी हीं सर्व एकत्र, आणि कारभारांत आईबापांनाही जागा, असा तिचा घाट आहे. 'मुलाला धावावयास लावण्यापूर्वीं त्याला इतरांच्या ओळींत आणून उभें करा', एवढाच त्याचा अर्थ.

यावर कोणी म्हणतील, तीन वर्षांच्या पोराला शाळेची घाई कशाला? त्याला आईची माया हवी. हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. पण मायेला फुरसत लागते, आणि ती फुरसत मजूर बाईला कोण देतो? शिवाय आम्ही त्या वयाला पाटी-पेन्सिलीचा जुलूम मागत नाहीं. गाणें, गोष्ट, माती, पाणी, चिंचोके, आणि त्याच्याच बोलींत त्याच्याशीं बोलणारी बाई, एवढें पुरे आहे. तालुक्याच्या के. जी. त तीन वर्षांच्या पोराकडून इंग्रजी अक्षरें घोकून घेतात, तें आम्हांस शिक्षण वाटत नाहीं. त्यासाठीं कर्ज काढून गाडीभाडें भरणाऱ्या मजूर बांधवांची मात्र आम्हांस कींव येते, कारण ते चुकत असले तरी पोराच्या भल्यासाठींच चुकत आहेत. दुसरे कोणी म्हणतील, फुकट मिळालेल्याची किंमत राहात नाहीं. यांना आम्ही विचारतों कीं, रस्ता फुकट आहे म्हणून तुम्हीं त्यावरून चालणें सोडलें काय? आणि पैसा कोठून आणावा म्हणणारांस जोतीरावांचें उत्तर अजून पुरतें: सरकारच्या तिजोरींत कष्टकऱ्यांचा घाम पडतो, तर त्यांतला वाटा प्रथम त्यांच्या लेंकरांना मिळावा.

आमच्या मागण्या थोड्या व साध्या आहेत. पहिली, सहा वर्षांखालच्या मुलांचें संगोपन व शिक्षण हा मोफत मिळण्याचा हक्क कायद्यानें ठरवावा. दुसरी, अंगणवाडी आई कामावरून परत येईपर्यंत उघडी असावी, व दुपारनंतरच्या वेळेसाठीं दुसरी बाई नेमावी. एकीच्याच डोक्यावर दोन दिवसांचें ओझें देऊं नये. तिसरी, जेथें जागा असेल तेथें अंगणवाडी शाळेच्याच आवारांत आणावी व तीन वर्षांखालच्यांसाठीं पाळणा जोडावा. चौथी, सेविकेस शिक्षिका मानून तसें शिक्षण व तसा पगार द्यावा. पांचवी, ज्या गांवीं मूल जाईल त्या गांवीं त्याचा आहार व त्याची जागा त्याच्यामागून जावी; कारखान्याचा तळही गांवच समजावा.

हें सर्व सरकारनें करावें, हें खरें. पण तोंवर आपण हात बांधून बसावें असें नाहीं. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नांतील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. पुष्कळ गांवीं ती कोठें जाते याचा पत्ता लागत नाहीं. त्या पैशांतून गांवांतल्याच एखाद्या शहाण्या बाईला दुपारच्या वेळेसाठीं नेमतां येईल. आणि आमच्या शिक्षक बंधुभगिनींस एक विनंति आहे. कडेवर भाऊ घेऊन आलेली मुलगी वर्गांत दिसली तर तिला परत पाठवूं नका. शेरा वाईट पडला तर पडूं द्या.

येत्या १५ ऑगस्टला गांवोगांव ग्रामसभा भरेल. तेथें आमच्या वाचकांपैकीं एकानें तरी उभें राहून सरपंचांस व शाळेच्या गुरुजींस एवढेंच विचारावें: "आपल्या गांवांत पटावर नांव असलेल्या किती मुली आज धाकट्याला घेऊन घरीं बसल्या आहेत?" त्यांचा आंकडा सभेच्या कामकाजांत लिहून घ्यावा, आणि पुढच्या सभेंत तो पुन्हां विचारावा.